नरहरीकाकांची भूक आणि विद्याधरचं मानसशास्त्र

विद्याधर मुंबईहून बी. टी. होऊन आला आणि आमच्या निर्मळात साधा माणूस म्हणून कोणी उरला नाही. मास्तर तो आधीपासूनच होता, वसईच्या हायस्कुलात. पण शिकवायचं कसं हे शिकायला तो वर्षभर मुंबईच्या कॉलेजात राहिला आणि तिथे त्याची मानसशास्त्राशी गाठ पडली. मग गावातला चिडका माणूस नुसता चिडका राहिला नाही, त्याला न्यूनगंड झाला. देवळात घंटा वाजवताना डोळे मिटणाऱ्याची ती प्रतिक्षिप्त क्रिया झाली. एकदा मांजर आडवं गेलं म्हणून माझी आई, आनंदीबाई, दोन पावलं मागे आली, तर विद्याधर तिला साहचर्याचा नियम समजावत बसला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती आणखी दोन पावलं मागे आली.

माझीही सुटका नव्हती. पापडीच्या बाजारात मी छत्री विसरून आलो, तर म्हणाला, "काशीदादा, माणूस उगाच विसरत नाही. ती छत्री तुला मनातून नकोशी होती." छत्री माझ्या सासऱ्यांनी दिलेली होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

विद्याधर माझा चुलत भाऊ. आमच्या वाड्या लागून आहेत, मधे फक्त शेवग्याचं कुंपण, आणि दोन्ही वाड्यांना पाणी एकाच बावखलाचं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याचं. या बावखलाच्या काठावर रहाट होता आणि रहाटाला रेडा. रेडा नरहरीकाकांचा, म्हणजे विद्याधरच्या वडिलांचा. सकाळी त्याच्या डोळ्यांना झापडं बांधून त्याला जुंपायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत त्याच्यामागे फिरायचं, हे काकांचं जन्माचं काम. रुक्मिणीकाकी वारल्या त्याला तीन वर्षं झाली होती. पण केळींना आणि पानवेलींना सुतक नसतं, त्यामुळे तेरावं होताच काका पुन्हा रेड्यामागे उभे राहिले होते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर विद्याधरने बावखलावर ऑइल इंजिन बसवलं. काकांचं वय झालं, त्यांना आराम मिळावा, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इंजिनाने सकाळचं काम तासाभरात उरकलं. रेडा जूचंद्रच्या श्रीपतला विकला. काकांनी स्वतः दावं सोडून श्रीपतच्या हातात दिलं, रेड्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ओटीवर येऊन बसले. बोलले काहीच नाहीत. काका तसेही फार बोलणारे नव्हते, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग त्यांचं जेवण सुटलं. एकदम नाही. पानावर बसायचे, सुनेने वाढलेल्यातलं निम्मं परत काढायला लावायचे, दोन घास खायचे आणि हात धुवायचे. सकाळी चहा, संध्याकाळी पेज, तीही अर्धी. महिन्याभरात त्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. वसईच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, टॉनिक दिलं. काका टॉनिक न चुकता घ्यायचे आणि जेवायचे नाहीत.

गावात बोललं जायचं ते प्रेमलताबद्दल, म्हणजे विद्याधरच्या बायकोबद्दल. सून चांगलं करत नसेल, धड वाढत नसेल. आईने एकदा वालाचं बिरडं करून पाठवलं, तेही काकांनी चाखून बाजूला ठेवलं. त्यानंतर आई प्रेमलताची बाजू घ्यायला लागली, कारण आता प्रश्न आईच्या बिरड्याचा होता.

मला काकांची काळजी वाटत होती. माझे वडील लवकर गेले. मला झाडाला आळं कसं करायचं आणि पानं कशी खुडायची ते काकांनी शिकवलं. हा माणूस डोळ्यांदेखत संपत चालला होता आणि का ते कळत नव्हतं.

विद्याधरला मात्र ते कळलं. एका शनिवारी संध्याकाळी तो कुंपणावरून हाक मारून मला घेऊन गेला आणि ओटीवर बसवून त्याने मला कुत्र्याची गोष्ट सांगितली. रशियातल्या एका शास्त्रज्ञाने म्हणे कुत्र्याला खायला घालायच्या आधी रोज घंटा वाजवली. पुढे पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं.

"बाबांचं तेच झालंय," तो म्हणाला. "इतकी वर्षं रहाटाचा आवाज थांबला की जेवण. रहाट थांबणं हीच त्यांची घंटा. आपण घंटाच काढून टाकली, मग भूक कुठून लागणार?"

"पण त्या कुत्र्याला घंटेशिवाय भूक लागत नव्हती का?" मी विचारलं.

"तसं नव्हे रे," तो म्हणाला, आणि कसं ते त्याने बराच वेळ सांगितलं.

इंजिन त्यानेच आणलं होतं. त्यामुळे ही गोष्ट खरी असावी, असं त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटत असणार. घंटा गेली तर घंटा परत आणता येते. दुसरं काही गेलं असेल तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही प्रयोग केला. रहाट अजून मोडला नव्हता. आम्ही दोघांनी धोतरं खोचली, रेडा जुंपायच्या दांड्याला छाती लावली आणि फेरे घालायला लागलो. रहाट कुरकुरत फिरला, पाणी पन्हाळीत पडलं. हायस्कुलातला बी. टी. झालेला मास्तर रेड्याच्या वाटेवर घामाघूम होऊन फिरतोय हे पाहायला कुंपणाशी माणसं जमली. विद्याधरने त्यांना हातानेच गप्प राहायची खूण केली, कारण प्रयोगात दुसरा आवाज नको होता. ऊन चढल्यावर आम्ही थांबलो.

ओटीवर काका डुलकी घेत होते. आवाज थांबला तसे ते खरंच उठले. विद्याधरने माझा दंड घट्ट धरला. काका परसात गेले, तिथल्या सुक्या गवताचा एक भारा उचलला आणि गोठ्यात नेला. गव्हाण रिकामी. ते थोडा वेळ भारा हातात धरून उभे राहिले, मग तो खाली ठेवून, हातपाय धुऊन आत गेले. पानावर बसले. सुनेशी काहीतरी बोलले, दोन घास खाल्ले आणि उठले.

"अर्धं साधलं," विद्याधर म्हणाला. "साखळीतली एक कडी निसटतेय."

ती कडी मलाही दिसली होती. आमच्या वाड्यांमधली जुनी रीत आहे, रहाट सोडल्यावर आधी जनावराला पाणी पाजायचं, वैरण घालायची, त्याने तोंड लावलेलं पाहायचं आणि मग माणसाने जेवायचं. काकांनी ही रीत तापातसुद्धा मोडली नव्हती. हे मी विद्याधरला सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. म्हणजे घंटा रहाटाची नव्हे, गवताची. रेडा परत आणायला हवा.

पुढच्या रविवारी आम्ही माझी बैलगाडी जोडून जूचंद्रला गेलो. काकांनाही बरोबर घेतलं. श्रीपतच्या अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि रेडा तिच्याशेजारी बांधलेला होता. जनावर माणसाला ओळखतं, डोळ्यांत पाणी आणतं, असं मी पुष्कळ ऐकलं आहे. या रेड्याने तसं काही केलं नाही. काकांनी पेंढा पुढे केला, त्याने तो खाल्ला, आणि संपल्यावर शेपटीने माशा हाकलल्या.

श्रीपत सरळ माणूस. "न्या की तुमी," तो म्हणाला. "भात झोडून झाला, आता त्याला कोनचं काम नाय. पावसाआधी परत आना म्हंजे झालं. पन आता जेवूनच जायाचं."

त्याची बायको बायजा पाट मांडायला लागली. काका पाटावर बसले आणि तिला म्हणाले, "तू जेवलीस का, बाय?"

"मी कवाच जेवले," बायजा म्हणाली. "सकालपासून खल्यावर भात पाखडत व्हते. उनातानात राबून आलेल्या मानसानं आधी खायाचं, आमच्याकडं असंच."

काका जेवले. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर ताक. एक भाकरी संपवून त्यांनी दुसरी मागून घेतली. विद्याधर आपलं जेवण विसरून त्यांच्याकडे पाहत होता. हात धुताना माझ्या कानात म्हणाला, "पाहिलंस? गवत, मग भूक. अगदी घड्याळासारखं." त्याचे डोळे भरून आले होते. शास्त्राच्या आनंदाने की बाप जेवला म्हणून, हे त्याला त्याचं तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. मला मात्र फार बरं वाटलं, आणि तेव्हा मी आणखी काही विचार केला नाही.

रेडा निर्मळला आला. प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत व्हावा म्हणून विद्याधरने रहाट पुढच्या रविवारपर्यंत थांबवला होता; त्या दिवशी तो घरी होता आणि मीही जाऊन बसलो होतो. इंजिन बंद ठेवलं होतं. काकांनी सकाळी रेडा जुंपला, ऊन डोक्यावर आल्यावर सोडला, पाणी पाजलं, गवत घातलं, त्याने तोंड लावलेलं पाहिलं. सगळ्या कड्या जागच्या जागी होत्या. काका आत येऊन पानावर बसले. निरीक्षणात खंड नको म्हणून विद्याधर स्वतः जेवायला बसला नव्हता, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

काकांनी निम्मा भात परत काढायला लावला, दोन घास खाल्ले आणि उठले. हात धुऊन ते गोठ्याकडे निघून गेले.

विद्याधर ओटीवर येऊन बसला. इतका खचलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "काशीदादा, बाबा मरणार आहेत. आणि मी कुत्र्याच्या गोष्टी सांगतोय."

मला त्याची दया आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "श्रीपतकडे तर जेवले होते. रेडा तोच, गवत तेच. मग तिथे वेगळं काय होतं? बायजाला त्यांनी विचारलं, जेवलीस का म्हणून, तेवढंच."

प्रेमलता मागे उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, मलाही मामंजी रोज तेच विचारतात."

विद्याधर वळला. "काय विचारतात?"

"जेवलीस का, म्हणून. रेडा विकला त्या दिवसापासून. पानावर बसले की विचारतात."

"आणि तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? तुमचं झाल्यावर जेवेन, म्हणते. खोटं कशाला बोलू?"

"हे तू मला आजवर सांगितलं नाहीस?"

"तुमचं निरीक्षण चाललं होतं," प्रेमलता म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं असेल की मधे बोलू नये.

विद्याधर उठून गोठ्याकडे गेला, मीही मागोमाग गेलो. काका गव्हाणीच्या कडेला बसले होते. विद्याधर त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही का जेवत नाही?"

काकांनी रेड्यापुढचं गवत सारखं केलं. मग म्हणाले, "राबणाऱ्याला आधी घालावं आणि मग आपण खावं. मी जन्मभर याला आधी घालत आलो. वाटायचं, आपल्या हातून कोणी उपाशी नाही. हा गेला त्या दिवशी पानावर बसलो. गोठ्यात कोणी नव्हतं, म्हणून असेल, सुनेलाच विचारलं, जेवलीस का. नाही म्हणाली. चुलीपुढून उठून आलेली, कपाळावर घाम. मला घास गिळवेना."

"तिला आधी जेव म्हणायचं होतंत."

"म्हणायला गेलो, तर तुझी आई डोळ्यांपुढे आली," काका म्हणाले. "तिला मी कधी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. या रेड्याने एक वेळ तोंड लावलं नाही, तर मी भर पावसात सोपाऱ्याहून वैद्य आणला होता. शेवटच्या वर्षी ती वाळत चालली होती. आपण म्हणायचो, आजार आहे. ती जेवत होती की नाही, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, विद्या."

विद्याधरला मानसशास्त्रातलं काही आठवलं असेल तर तो ते बोलला नाही. त्याने वडिलांचा हात धरला, त्यांना उठवलं आणि घरात आणलं.

आत आल्यावर त्याने स्वतःच पाट मांडला आणि प्रेमलताला त्यावर बसायला सांगितलं. ती बसेना. सासरा उभा, नवरा उभा, दारात थोरला दीर, आणि आपण जेवायचं, हे तिच्याने होईना. विद्याधरने तिला दोनदा सांगितलं, त्यात एकदा आवाज चढवला. शेवटी काकांनीच भाताचं भांडं जवळ ओढलं, पान घेतलं आणि वाढायला सुरुवात केली. त्यांना वाढायची सवय नव्हती, डाव कसा धरायचा ते कळत नव्हतं, आमटी पानाबाहेर सांडली. आपल्या पानावर जेवढा भात असायचा तेवढा त्यांनी तिच्या पानावर घातला. "जेव, बाय," म्हणाले. प्रेमलता बसली, मान खाली घालून जेवायला लागली. पहिले घास तिला अवघड गेले. मग ती भुकेल्या माणसासारखी जेवली, कारण दुपार कलायला आली होती आणि ती पहाटेपासून कामात होती.

तिचं झाल्यावर काका बसले. त्यांनी भात काढून ठेवायला सांगितला नाही. वाढला तेवढा सगळा घेतला, कालवला आणि खायला लागले. विद्याधर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला, आणि मग त्यालाही भूक लागल्याचं जाणवलं असावं, कारण तो काकांच्या शेजारी पाट घेऊन बसला. प्रेमलताने भांडं कलतं केलं. तळाशी मूठभर भात होता.

"एवढाच?" विद्याधर म्हणाला.

"रोज एवढाच असतो," ती म्हणाली.

"रोज? आणि तू शेवटी काय जेवतेस?"

"मूठभर उरतो तो. हल्ली पुरत होता. मामंजी दोनच घास खात होते."

विद्याधरने भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. प्रेमलताला वाटलं असावं की तो रागावला, म्हणून ती घाईने सांगायला लागली, "हे तांदळाचं माप माझं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच दाखवलं. लढाईत रेशन आलं तेव्हा त्यांनी धरलेलं. त्या होत्या तेव्हा आपल्या चौघांना एवढंच पुरायचं."

काकांचा हात पानावर थांबला. आता हे उठतात की काय, या धास्तीने आम्ही तिघंही त्यांच्याकडे पाहत राहिलो. लढाईच्या दिवसांपासून त्यांच्या पानावरचा भात कधी कमी झाला नव्हता, कमी झाला होता तो काकींच्याच पानावरचा, हे त्यांना आता कळत होतं आणि आम्हालाही कळत होतं. ते उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही, आणि तसेच ते जेवत राहिले, पानावरचं शेवटचं शीत संपेपर्यंत.

विद्याधर उठून तांदळाच्या डब्याकडे गेला. डब्यात मापाची वाटी होती, ती त्याने हातात घेतली आणि बायकोला विचारलं, "तिघांना पोटभर व्हायला किती घालायचे?"

प्रेमलताने विचार करून पाहिला. "ते मला तरी कुठे माहीत आहे," ती म्हणाली.